एक व्होल्ट आणि वीतभर तार

मागच्या रविवारी फोनच्या पडद्यावर तुमचे बाबा तुम्हा दोघांना सांगत होते, "आजीनं खामगावात जेवणाच्या टेबलावर एक व्होल्टचा कन्व्हर्टर बनवला होता, माहीत आहे? पुण्याच्या कंपनीनं मागून घेतला होता." तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी हसले. हसायला नको होतं. ही गोष्ट तुमच्या बाबांना अर्धीच ठाऊक आहे. यात त्यांचा दोष नाही, मी त्यांना तेवढीच सांगितली होती. उरलेली आता लिहून काढते. तुम्हाला मराठी वाचायला जड जाईल, तेव्हा बाबांकडून वाचून घ्या. म्हणजे त्यांचंही वाचून होईल.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही हकीकत. तुमचे आजोबा आधीच गेले होते. जेवायला मी एकटी, त्यामुळे जेवणाचं टेबल रिकामंच असायचं. त्यावर मी सोल्डरिंगचं सामान मांडलं. औषधाच्या धुतलेल्या बाटल्यांत सुटे भाग, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, प्रत्येक भागाचा छापील माहितीकागद फाइलमध्ये, अनुक्रमानं. भिंतीवर माझ्या अक्षरात पाटी: "चालू कामाला हात लावू नये. मीटर वापरावा." ही पाटी मी प्रयोगशाळेतून घरी आणली होती. तिथे एकदा एका मुलाला जोराचा झटका बसला होता, तेव्हा लिहिलेली.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरीला होता. त्याच्या कंपनीला काही कार्डांची तपासणी करायची होती, आणि त्यासाठी बारा व्होल्ट घेऊन एक व्होल्ट देणारा, वीस अँपिअर सोसणारा कन्व्हर्टर हवा होता. अट एकच. आत जाईल त्या शंभरातले पंच्याऐंशी तरी बाहेर यायला हवेत, नाहीतर कार्डांशेजारी भट्टी तापते. त्यानं फोन केला, "मॅडम, तुम्ही करून बघता का?" नमुना पास झाला तर पुढचे सगळे डबे, म्हणजे असे कन्व्हर्टर, माझ्याकडूनच घेणार होते.

एक व्होल्ट म्हणजे सोपं काम, असं तुम्हाला वाटेल. उलट आहे. आमच्या लहानपणी गावाच्या वेशीवर जकात नाका असायचा. समजा, नाकेदार दर गाडीमागे एक पोतं काढून घेतो. बारा पोत्यांच्या गाडीवाल्याला त्याचं काही वाटत नाही. दोनच पोती घेऊन निघालेल्याचं मात्र अर्धं घर लुटलं जातं. जुन्या पद्धतीच्या कन्व्हर्टरमध्ये डायोड हा असा नाकेदार असतो. वीज एकाच दिशेनं जाऊ देण्याबद्दल तो जवळजवळ अर्धा व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. बारा व्होल्ट द्यायचे असतील तर ते खपून जातं. एकच द्यायचा असेल तर उरतं काय?

तेव्हा डायोड काढायचा आणि त्याच्या जागी मॉसफेट बसवायचा, म्हणजे आपण उघडू तेव्हाच उघडणारं दार. असं एक दार बाराच्या बाजूला, एक जमिनीच्या बाजूला. सेकंदाला लाखो वेळा एक उघडायचं, दुसरं मिटायचं. दोन्ही एका वेळी क्षणभर जरी उघडी राहिली तर बाराचे बारा व्होल्ट सरळ जमिनीत जातात आणि दारं जळून जातात. दोन्ही जास्त वेळ मिटलेली राहिली तर नाकेदार पुन्हा हजर. या दोघांच्या मधला तो बारीकसा अवकाश साधण्यात माझे अडीच महिने गेले आणि दोन बाटल्या भरून मॉसफेट जळाले. पण साधला. तेवढ्यापुरता अभिमान मला आजही आहे, आणि तो मी खोडणार नाही.

दारांतून वीज हबक्याहबक्यानं येते. मोटेचं पाणी असंच यायचं, एक हबका, मग रिकामं, मग दुसरा. विहिरीच्या काठी थारोळं असायचं, त्यात ते पडायचं आणि पुढे पाटात मात्र एकसारखी धार लागायची. कन्व्हर्टरमधलं थारोळं म्हणजे कॉइल. तांब्याचे वेढे. ती मला कुणाकडून तरी वळवून घ्यायची होती.

कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत एका मुसलमान मिस्त्रींचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटारी ते पुन्हा भरून द्यायचे. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपच्या मोटारीही पंचवीस वर्षं त्यांच्याकडेच जात, त्यामुळे आमची ओळख जुनी. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. मी त्यांना मिस्त्री म्हणायची, ते मला मॅडम. मी गेले तेव्हा ते दारात बसून एक मोटार उजेडाकडे धरून बघत होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं करून फायदा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी कागद पुढे केला. ते म्हणाले, "बोला तोंडानं. कागद तं आता मले ढगावानी दिसते."

"तांब्याची जाड पट्टी हवी. चार वेढे."

"चारशे?"

"चार."

"चार वेढे तं पोरीच्या वेणीले राह्यतात, मॅडम. अन् होल्ट किती?"

"एक."

त्यांनी मोटार खाली ठेवली. "एका होल्टानं मच्छर बी मरत नाही. रिटायर झाल्यावर मानसाचं असंच होते काय?"

"मारायचं नाही कुणाला," मी म्हटलं, "पण वीस अँपिअर आहेत. तापली तर तुमचं नाव जाईल."

वीस ऐकल्यावर मात्र ते गंभीर झाले. दोन दिवसांनी स्वतःच घरी आले, फडक्यात गुंडाळलेली कॉइल घेऊन. चपटं तांबं लाकडी दांड्यावर वळवलेलं, वेढ्यांमध्ये सुती फीत, टोकं घासून चकचकीत. चारही वेढे एकमेकांना असे लागून होते की मधे नख जाणार नाही. टेबलाजवळच्या खुर्चीवर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. बारीक तारेचं काम आता दिसत नाही. मागच्या महिन्यात दोन मोटारी परत आल्या. माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, पण दुसऱ्या दुकानात जातात.

"पन हे जाड काम माया डोळ्याले जमते, मॅडम. डोळ्याले काय, बोटालेच जमते. हे पास झालं तं दुकान ठेवतो. नाही झालं तं कुलूप लावतो अन् पोरीकडे दुसरबीडले जाऊन बसतो. जावई बलावूनच राह्यला."

हे त्यांनी माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून सांगितलं होतं. मी विसरले असं म्हणायची सोय मला नाही.

मी डबा जोडला: आत कन्व्हर्टरचा बोर्ड, आणि त्यापासून डब्याच्या बाहेरच्या टोकांपर्यंत दोन तारा. आता माझ्या जोडणीबद्दल सांगते. आमच्या काळात तारा बांधणं हा एक वेगळा धडा होता. तारा डब्याच्या कडेकडेनं न्यायच्या, वळण काटकोनात, मेणाच्या दोऱ्यानं समान अंतरावर गाठी मारायच्या, आणि टोकाशी वीतभर तार जास्तीची सोडून ती गोल बांधून ठेवायची. उद्या कधी दुरुस्ती निघाली तर कमी पडू नये म्हणून. ही जास्तीची तार न सोडणाऱ्या मुलांचे मी तीस वर्षं मार्क कापले. माझा डबा उघडला की बघणारा आधी तारांकडे बघायचा. शिवणकामासारख्या दिसत.

चाचणीला मी मिस्त्रींना बोलावलं. ते धुतलेला सदरा घालून आले. मी वीस अँपिअर ओढणारा बोजा जोडला. बाहेरच्या टोकाला बरोबर एक व्होल्ट. मिस्त्री हसले. मग मी आत किती जातंय ते मोजलं, भागाकार केला. पंच्याऐंशी हवे होते. एकोणऐंशी.

पुन्हा केलं. एकोणऐंशी. तिसऱ्यांदाही तेच.

मी चहा करायला म्हणून आत गेले. खरं तर विचार करायला. चहा उकळेपर्यंत माझा निष्कर्ष तयार होता आणि तो मला फार व्यवस्थित वाटला. मॉसफेटचा छापील कागद माझ्याकडे होता, त्यांचा तोटा मी मांडला होता. कॅपॅसिटरचा कागद होता. दारं उघडमीट करणाऱ्या कंट्रोलरचा होता. सगळ्या यादीत फक्त एका वस्तूला कागद नव्हता, ती खामगावच्या गल्लीत एका अर्धवट दिसणाऱ्या माणसानं हातानं वळवली होती.

बाहेर आले तेव्हा ते हात मांडीवर ठेवून बसले होते. मी कप पुढे ठेवला आणि म्हटलं, "मिस्त्री, कॉइल खाते आहे."

"कॉइल?"

"बाकी सगळ्याचे कागद आहेत माझ्याकडे."

ते काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. भिंतीकडे त्यांची नजर गेली, मग चहाकडे. "बरं," म्हणाले. चहा पूर्ण प्यायले, कप उचलून मोरीपाशी ठेवला आणि गेले.

त्या दिवशी मी आणखी एक काम केलं. कंपनीला अहवाल पाठवायचा होता. इंग्रजीत, जसे मी आयुष्यभर लिहिले तसे, क्रमांक घालून. त्यात एक ओळ होती की हाताने वळवलेली कॉइल निकृष्ट कारागिरीमुळे नाकारण्यात येत आहे, कारखान्यात बनलेली मागवली आहे. आणि नियमाप्रमाणे त्याची प्रत संबंधितांना. संबंधित म्हणजे मिस्त्री. ज्या माणसाला कागद ढगासारखा दिसतो आणि इंग्रजी एक अक्षर येत नाही, त्याच्या दुकानात मी ती प्रत लिफाफ्यात घालून स्वतः नेऊन दिली. ते जेवायला घरी गेले होते. शेजारच्याकडे ठेवून आले. पद्धत म्हणजे पद्धत.

कारखान्यातली कॉइल मुंबईहून यायला तीन आठवडे लागले. तिच्यासोबत चार पानी कागद होता. ती बसवली, मोजलं. एकोणऐंशी.

पहिल्यांदा मी मीटरवर संशय घेतला, मग कंपनीच्या आकड्यांवर. एक अख्खी दुपार मी सगळ्यांवर संशय घेत राहिले, माझ्यावर सोडून. मग अगदी काही करायचं उरलं नाही म्हणून मीटरची दोन्ही टोकं मी एकाच तारेच्या दोन टोकांना लावली. एकाच तारेत या टोकापासून त्या टोकापर्यंत व्होल्टेज असून असून किती असणार? कुणी विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी हसले असते. एका तारेत पन्नास मिलिव्होल्टच्या आसपास होतं. दुसऱ्या तारेतही तसंच. दोन्ही मिळून जवळजवळ एक दशांश व्होल्ट माझ्या सुंदर तारांत आणि त्यांच्या स्क्रूंत जिरत होता. बारा व्होल्टच्या डब्यात ते कुणाच्या लक्षात आलं नसतं. इथे द्यायचाच होता एक.

आणि हे लपलं कशामुळे, तेही सांगते. एक व्होल्ट भरतो की नाही हे कन्व्हर्टरला सतत कळवणारी एक बारीक तार असते. ती मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे थेट टोकाला जोडली होती. त्यामुळे मधे कितीही गळती झाली तरी कन्व्हर्टर मुकाट्यानं तेवढं जास्त भरत होता, आणि टोकाला मला रोज बरोबर एक व्होल्ट दिसत होता. तारेला मी भागच धरलं नव्हतं. तिची बाटली नव्हती, चिठ्ठी नव्हती, फाइलमध्ये पान नव्हतं.

मी कात्री घेतली. मेणाच्या गाठी, काटकोनातली वळणं, दुरुस्तीसाठी सोडलेली ती वीत, सगळं जसंच्या तसं कापून बाहेर काढलं. बोर्ड उचलून बाहेरच्या टोकाजवळ बसवला, चार बोटं लांबीची जाड तार घातली. दिसायला डबा अगदी गावठी झाला. शहाऐंशी आले. मग मुंबईची कॉइल काढली आणि फडक्यात गुंडाळून ठेवलेली मिस्त्रींची बसवली. आकडा तसूभर वरच गेला.

तोच डबा, त्यांच्या कॉइलसकट, मी पुण्याला पाठवला. पास झाला. तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं, "झाला." त्यांनी विचारलं, "काय अडलं होतं?" मी म्हटलं, "वायरिंग." त्यांना एवढंच ठाऊक आहे.

तोवर मिस्त्रींच्या दुकानाला कुलूप लागून पंधरा दिवस झाले होते. शेजारचा म्हणाला, "गेले ना दुसरबीडले. औजारं बी इकून टाकले."

माझी रोजच्या कामांची वही आहे, तुम्ही पाहिली आहे. त्यात मी लिहिलं, "मिस्त्रींना सांगणे." जे काम झालं नाही ते दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवायची माझी सवय. ती ओळ मी दिवाळीपर्यंत उतरवत राहिले. नंतर संक्रांतीपर्यंत. कंपनीनं आणखी डबे मागितले होते, कॉइल मुंबईच्या घातल्या, काम चाललं होतं. मग उन्हाळा आला. एके दिवशी तीच ओळ पुन्हा लिहिताना मला माझ्याच अक्षराचा राग आला. दर पानावर सारखंच नीटनेटकं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले, मेहकरला गाडी बदलली आणि दुसरबीडला उतरले.

जावयाचं टायरचं दुकान रस्त्यावरच होतं. मागे पत्र्याच्या सावलीत मिस्त्री खाटेला नवार भरत बसले होते. बोटं आपोआप चालली होती, बघत दुसरीकडेच होते. मुलीनं माझ्यासाठी खुर्ची आणली.

"अब्बा, खामगावच्या मॅडम आल्या."

"आवाजावरून समजलं," ते म्हणाले. "कायले आल्या एवढ्या तपनीत? पानी दे वं पोरी त्याहिले."

मी गाडीत सगळं जुळवून ठेवलं होतं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. त्यातलं एकही आलं नाही. मी एकदम म्हटलं, "कॉइल चांगली होती, मिस्त्री. तारा खात होत्या. माझ्या तारा."

त्यांनी नवार ओढून घट्ट केली. "मले माहीत होतं."

"कसं?"

"हात लावला होता म्या. तुमी चहा कराले आत गेल्या ना, तवा. कॉइल थंडी होती. तार तापेल होती. त्या गोल बांधलेल्या जागी तं चांगलीच."

"मग बोलला का नाहीत?"

"पाटी होती ना भिंतीवर. हात लावू नोका म्हनून. पाटीवर काय हाय, ते तुमीच मले वाचून दाखवलं होतं पैल्या दिवशी. आता म्या हात लावला, हे कोन्या तोंडानं सांगू?" मग नवार खाटेखालून ओढून घेत, "सांगनारच होतो. तुमी म्हटलं, बाकीच्याचे कागद हायेत."

मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती मधेच म्हणाली, "तुमचा तो कागद अब्बानं बाजारात वाचून घेतला, मॅडम. दलालाच्या मुनीमजीकडून. चार लोक बसेल होते तिथं. त्यानं मोठ्यानं वाचला, अन् मंग मराठीत सांगितलं."

"चूप राह्य," मिस्त्री म्हणाले.

"काऊन चूप राहू? त्या दिवसापासून तुमी म्हनून राह्यले ना, का माया बोटालेच आता गरम-थंडं समजत नसन म्हनून."

मिस्त्री पुन्हा नवार ओवू लागले. रस्त्यावरून एक ट्रक गेला, पत्रा थरथरला.

मी पर्समधून लिफाफा काढला. नवा अहवाल मी लिहून आणला होता, मराठीत, मोठ्या अक्षरात. कॉइल उत्कृष्ट, दोष जोडणीचा, जोडणी माझी. मुलीनं तो वाचून दाखवला. तिला शाळेतलं वाचन छान येत होतं. मिस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"कंपनीले धाडला काय हा?"

कंपनीला मी फक्त डबा पाठवला होता, आणि एक ओळ, की अडचण दूर झाली आहे. जुना अहवाल त्यांच्या फाइलमध्ये जसाच्या तसा होता. त्यात मिस्त्रींची कारागिरी निकृष्ट होती, आणि खाली माझी सही.

"नाही," मी म्हटलं.

"मंग मले कायले देता?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "मले तं माहीतच होतं. ज्याहिले माहीत नाही त्याहिले द्या."

मुलीनं कागद घडी करून परत माझ्या हातात दिला. मग चहा आला, आम्ही प्यायलो. तुमचे बाबा कसे आहेत, नातवंडं किती, हे त्यांनी विचारलं, मी सांगितलं. परतीच्या गाडीसाठी जावयानं मला रस्ता ओलांडून दिला.

घरी आल्यावर मी कंपनीला लिहिलं. इंग्रजीत, क्रमांक घालून, जुन्या अहवालाचा संदर्भ देऊन. मिस्त्रींचं पूर्ण नाव घातलं. माझा विद्यार्थी तोवर ती नोकरी सोडून गेला होता. उत्तर आलं, दोन ओळींचं: पत्र मिळालं, नोंद घेतली, आणि आता आम्ही तयार मॉड्यूल वापरतो, तेव्हा यापुढे डब्यांची गरज नाही. त्या नोंदीचं काय झालं ते मला कळलं नाही. त्या उत्तराची प्रत घेऊन मी पुन्हा दुसरबीडला जाणार होते. वहीत लिहिलंही होतं. त्या पावसाळ्यात मिस्त्री वारल्याचं मला दुकानाच्या शेजाऱ्याकडून कळलं, तेही महिन्याभरानं.

तुम्ही विचाराल की मी पाटी काढली का. काढली. तिच्यामागे भिंतीवर पांढरा चौकोन राहिला आहे, फोनवर बोलताना माझ्या डोक्याच्या उजवीकडे तुम्हाला दिसतो तो.

कापलेल्या तारा मात्र मी टाकल्या नाहीत. कपाटात खालच्या कप्प्यात बिस्किटाच्या डब्यात आहेत. याल तेव्हा दाखवीन. इतक्या वर्षांत त्यांतली एकही गाठ सुटलेली नाही.